येळवशीचं शूटिंग

सण दोन दिवस लांब असतानाच आमच्या घरात त्याचा वास सुटायचा. मोठ्या रांजणात माय आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबायला ठेवायची, वरून ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, आणि रांजणाच्या तोंडाला ओलं फडकं. जाता-येता नाक तिकडंच. तो आंबूस वास आला की अजून या वयात मला अनवाणी रानाकडं पळत सुटावंसं वाटतं. गुडघे ऐकत नाहीत ती गोष्ट वेगळी. या सणाचं पुस्तकी नाव वेळ अमावस्या, आम्ही म्हणतो येळवस. माझी सून नगरकडची. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच वर्षी म्हणाली, "आई, आमच्याकडं असा सण नसतो हो." मी म्हटलं, बाई, तुमच्याकडं नसतो म्हणून तर तुला इथं दिली. हा सण आमच्या या कोपऱ्यातला, मुरूम-उमरग्याच्या अंगाचा, आणि तिकडं राज्याच्या रेघेपलीकडं कर्नाटकातला. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, छातीला लागलेला, हरभऱ्याला घाटे धरलेले, तूर वाळायला लागलेली, अशा दिवसांत हा सण येतो. त्या दिवशी घरं बंद करून सगळं गाव रानात जातं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, म्हणजे छोटी झोपडीच. तिच्यात चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पुढं लक्ष्मी. पूजा झाली की कोपीभोवती आणि पिकात आंबील शिंपायची आणि मग जेवायचं. आणि रानातून जो कोणी जाईल, वाटसरू असो, वैरी असो, त्याला न जेवता पुढं जाऊ द्यायचं नाही. हा नियम पांडवांनी घातला का कुणी घातला माहीत नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही.

घरात माणसं चार. अण्णा म्हणजे माझे वडील, कमी बोलणारे, बोलले तर बैलांशी. माय. मी, शकू, तेव्हा चौदाची असेन. आणि नागव्वा आत्या, अण्णांची थोरली बहीण. आत्याला आळंदकडं दिलेली, ते कर्नाटकात. नवरा लवकर गेला, लेकरू नव्हतं, मग वर्षातले सहा महिने सासरी दिराकडं आणि सहा महिने आमच्याकडं. तिचं बोलणं एका पायानं मराठीत अन् एका पायानं कानडीत चालायचं, मधूनच मोगलाईतला एखादा उर्दू शब्द. "शके, जल्दी बा गं, पाणी तापलं," असं तिचं एक वाक्य. 'बा' म्हणजे कानडीत 'ये', आणि त्या वाक्यात तीन भाषा होत्या हे मला फार पुढं कळलं. आम्हाला ती एकच भाषा वाटायची, आत्याची. अंगावर कायम इरकल, जांभळी नाहीतर मिरची रंगाची, गोल नेसलेली, पदराला लाल-पांढरी टोकं, आणि खणाची चोळी. मायही इरकलच नेसायची. गावातल्या सगळ्याच बाया नेसायच्या. लुगडं म्हणजे इरकल, दुसरं काही असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी येळवशीच्या आठ दिवस आधी शाळेतले गुरुजी संध्याकाळचे आमच्या ओट्यावर आले. गुरुजी एवढे तरतरीत मी कधी पाहिले नव्हते. टोपी हातात, घाम कपाळावर. "अण्णा," म्हणाले, "मुंबईहून फिल्मवाले येणार हायेत. देशातल्या पिकांच्या सणांची फिल्म काढायलेत. एकेका राज्याचा एकेक सण. आपली येळवस घेणार. अन् तुमचं रान सडकेला लागून हाय, तर तुमच्याच कोपीवर."

अण्णांनी बैलाकडं पाहिलं. बैलानं काही सांगितलं नाही.

"फिल्म म्हंजे सिनेमा?" माय म्हणाली.

"सिनेमाच. पण खरा."

"खरा सिनेमा कसा अस्तोय?" आत्या म्हणाली. "खरं अस्लं तर सिनेमा कशाला बघावा, खिडकीतनं बघावं."

पण मी त्या रात्री जेवले नाही. भूकच मेली. त्याचं कारण सांगते. शाळेत आमच्या वर्गात महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला होता. पोरींनी त्यावर बोट ठेवून आपापलं गाव शोधायचा खेळ होता. उस्मानाबाद लिहिलेला ठिपका सापडायचा. (घरात आम्ही तेव्हाही धाराशिवच म्हणायचो, पाटीवर एक अन् तोंडात एक, त्यात कुणाला अडचण नव्हती.) नळदुर्ग सापडायचं. मुरूम बारीक अक्षरात का होईना, होतं. आणि आमचं गाव जिथं असायला पाहिजे तिथून राज्याची जाड काळी रेघ गेलेली. गाव त्या रेघेखाली दडपलेलं. मी नखानं खरवडूनही पाहिलं होतं, गुरुजींचा मार खाल्ला होता. आता साऱ्या देशाला आमचं रान दिसणार, आमची कोप दिसणार, आणि मधी मी दिसणार. मी दिसलेच पाहिजे. चौदाव्या वर्षी माणसाला एवढं कशाचं वेड लागू शकतं हे आता सांगून पटणार नाही. मी आरशापुढं हसायची तालीम करत होते. दात दिसू न देता.

गावानं तयारी काय केली म्हणता? गाव झाडलं. शाळेला गेरू, पारावर पताका, चावडीच्या भिंतीवर गुरुजींनी निळीनं "सुस्वागतम्" लिहिलं. आठ दिवस नुसती धांदल. आणि येळवशीच्या दिवशी सकाळी उजाडलं, तसं अख्खं गाव टोपल्या डोक्यावर घेऊन रानात निघून गेलं. गुरुजीसुद्धा. त्यांचीही कोप होती ना. एकाच्याही मनात आलं नाही की पाहुणे गावात येतील आणि गावात औषधाला माणूस नसेल. येळवशीला गावात थांबायचं असतं हेच कुणाला सुचू शकत नव्हतं. फिल्मवाल्यांची जीप पताकांखाली तासभर हॉर्न वाजवत उभी होती, असं नंतर कळलं. सुस्वागतम् वाचत बसले असतील बिचारे. शेवटी कुत्री माग लावतात तशी जीप धुराचा माग काढत रानात आली.

आणि रानात आली तर पहिली कोप लागली पाटलांची. तिथं त्यांना बसवलं. भज्जी वाढली. आमची भज्जी म्हणजे तेलात तळलेली नव्हे बरं का. तुरीचे ओले दाणे, वाटाणा, हरभरा, वाल, मेथी, चाकवत, गाजर, जे रानात असेल ते सगळं शिजवून चिंचेच्या कोळात आणि बेसनात घोटतात. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, वांग्याचं भरीत, गव्हाची खीर आणि तांब्यानं आंबील. साहेब म्हणत होते आम्हाला काम आहे. पाटलीण म्हणत होती जेवा मग काम. पुढं सुतारांची कोप, तिथं पुन्हा बसवलं. मग गुरुजींची. आमच्या रानात जीप पोचली तेव्हा चौथं जेवण तयार होतं आणि साहेबांचा पट्टा दोन भोकं सैल झालेला होता. तिघं जण होते: चष्मेवाले साहेब, म्हणजे फिल्मचे मालक असावेत तसे; कॅमेरावाले, लांब हातांचे, गप्प; आणि कपडे-रंगरंगोटी बघणाऱ्या एक बाई, बॉबकट केलेल्या, ज्यांना बघून सगळ्या पोरी कोपीमागं पळाल्या. मी नाही पळाले. मी दात न दाखवता हसत उभी राहिले.

"ही कोण?" साहेब म्हणाले.

"माझी पोर," अण्णा म्हणाले.

"चेहरा चांगला आहे," साहेब बाईंना म्हणाले. देवाशप्पथ सांगते, माझे पाय जमिनीवरून सुटले.

मग बाईंनी जीपमधून एक पत्र्याची पेटी काढली. तिच्यात हिरवीगार नऊवारी लुगडी, जरीची, कडक इस्त्री केलेली. नथी, मोत्याच्या, पेटीभर. नथी टोचायच्या नव्हत्या, चिमट्याच्या होत्या. कपाळाला लावायच्या चंद्रकोरी, कागदावर चिकटवलेल्या. पुरुषांना भगवे फेटे. आणि खाली दोन डझन लेझीम. साहेबांनी टाळी वाजवून सांगितलं, "बायकांनी ही लुगडी नेसायची, कासोटा घालून. नथी लावायच्या. पोरी लेझीम खेळतील. पुरुषांना फेटे."

लेझीम शाळेत पंधरा ऑगस्टला असायचं. येळवशीला कुणी लेझीम पाहिलं नव्हतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि आत्या पुढं झाली.

"आमाला लुगडी हायेत की, साहेब. आज सणाची, नवीन."

"आजी, छान आहेत तुमची लुगडी," साहेब गोड आवाजात म्हणाले. "पण बघा, चित्र दिल्लीत दिसणार, कलकत्त्यात दिसणार. बघणाऱ्याला एका नजरेत कळायला हवं की हा महाराष्ट्र आहे. ही हिरवी साडी, ही नथ पाहिली की लोक ओळखतात, मराठमोळं. तुमची ही साडी म्हणजे..." त्यांनी बाईंकडं पाहिलं.

"कर्नाटकातली दिसते," बाई म्हणाल्या.

"मंग मी कोण?" आत्या म्हणाली.

साहेब हसले. "तुम्ही मराठीच, आजी."

"मी मराठी, माझं लुगडं कानडी. व्हय? मंग खाल्लेलं काय? ते भज्जी कुणाची व्हती, जी तीन कोपीवर हाणली?"

सगळं रान हसलं. कॅमेरावाले तर तोंड फिरवून हसत होते. साहेबांचा चेहरा पडला, पण वाईट माणूस नव्हता. आज मला त्यांची अडचण समजते. त्यांच्याकडं दोन मिनिटांत राज्य दाखवायचं काम होतं. दोन मिनिटांत कुणाचं खरं कळतं? माझी नात मोबाईलवर तीस सेकंदाचे व्हिडिओ टाकते. गेल्या येळवशीला तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी रानात हिरव्या नऊवारी, नथी, चंद्रकोरी, सगळं बाजारातून विकत आणून घातलं, आणि पोरांनी फेटे बांधले. गाणं मागं कुठलं तरी दणदणतं. मी विचारलं, "अगं, इरकल का नाही नेसलीस? कपाटात माझ्या चार पडल्यात." तर म्हणाली, "आजी, ते ट्रॅडिशनल वाटत नाही." तिला रागवायचं कुठल्या तोंडानं? ज्या पेटीचं झाकण माझ्यादेखत उघडलं, तिच्यातलं लुगडं मी स्वतःच सगळ्यात आधी ओढलं होतं.

त्या दिवशी बाकीच्या बाया मागं सरल्या. आयांनी पोरींचे हात धरले. माय मला म्हणाली, "कुणी कुणी नेसलेलं असंल ते. लक्ष्मीपुढं असलं घालून जायचं नसतं." मी रडायच्या बेतात. म्हटलं, "माय, मला दिसायचंय." एवढंच म्हटलं. माय अण्णांकडं बघायला लागली, अण्णा आभाळाकडं. शेवटी आत्याच म्हणाली, "नेसू दे गं. पोर हाय. हौस मेली की माणूस मरतंय." आणि साहेबांना बजावलं, "पर पुढं मी चालणार. घोंगडं घेऊन. रीत हाय ती."

रीत अशी की आंबील शिंपताना एक जण अंगावर डोक्यावरून घोंगडं घेऊन पुढं चालतो, त्याचं तोंड दिसत नाही, आणि मागचा पळसाच्या पानानं आंबील शिंपत जातो, आणि सगळे मिळून एक आरोळी देत कोपीला पाच फेरे घालतात. ती आरोळी मी इथं लिहिणार नाही, ती लिहायची नसते, ओरडायची असते. तिचे शब्द कानडी की मराठी, कुणाला सांगता येत नाही. अर्थ विचारला तर अण्णा म्हणायचे, अर्थ लागला असता तर एवढ्या जोरात ओरडलो असतो का?

बाईंनी मला कोपीमागं नेऊन नेसवलं. नाकाला चिमट्याची नथ. नाक दुखून डोळ्यांत पाणी, पण मी हू की चू केलं नाही. साहेबांनी कागदावर एक ओळ लिहून दिली आणि म्हणाले, "तुमची आरोळी बाहेरच्यांना कळणार नाही. त्याऐवजी हे म्हणायचं." ओळ होती, 'पिकू दे सोनं महाराष्ट्राच्या मातीत.' वाईट नव्हती. गुरुजींनी सगळ्यांकडून दहादा म्हणवून घेतली. बाप्ये फेटे बांधायला मात्र तयार झाले. फेटा म्हटल्यावर आमचे बाप्ये कशालाही तयार होतात. साहेब माझ्याजवळ वाकून म्हणाले, "तू म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची मुलगी, लक्षात ठेव. मान वर." आता सांगा, मान खाली कशी राहणार?

कॅमेरा कुर्र करून सुरू झाला. पुढं आत्या, काळं घोंगडं डोक्यावरून घेतलेली, खाली इरकलीचा जांभळा काठ. मागं मी, कडेवर आंबिलीची घागर, हातात पळसाचं पान. मागं सगळं गाव. पहिला फेरा नीट सुरू झाला. 'पिकू दे सोनं' म्हणत आम्ही निम्मी कोप गाठली. आंबील पानातून उडाली, शाळूवर पडली, उन्हात चमकली, आणि तिचा वास आला. झालं. पुढून घोंगड्यातून आत्याची आरोळी निघाली, खरीखुरी, दरवर्षीची, आणि माझ्या तोंडून, त्या नथीखालून, तिचा जबाब असा निघाला की मला थांबवताच आलं नाही. मागून पन्नास गळे फुटले. महाराष्ट्राची माती कुठल्या कुठं राहिली. दुसरा फेरा, तिसरा, आत्या तर पळायला लागली, तिच्यामागं मी, कासोट्याची सवय नाही, पाय अडखळतायत, नथ ओठावर लोंबायलीय, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडतेय. पाचवा फेरा संपला तेव्हा घागर रिकामी आणि मी घामानं निथळलेली. अख्ख्या जन्मात एवढा आनंद मला थोडक्याच वेळा झाला असेल.

"कट, कट!" साहेब ओरडत आले. "असं नाही! ठरलेली ओळ म्हणायची होती. पुन्हा एकदा घेऊ. सगळे जागेवर."

कुणीच हललं नाही.

"पुन्हा?" अण्णा म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे दुसरं वाक्य. "पुन्हा कसं घ्यायचं साहेब? शिंपून झालं की."

"हो, पण परत शिंपा. पाणी घाला घागरीत."

"रानाला एकदा निवद दाखवला. आता परत कसा दाखवावा? ते म्हनंल, मघाचा खोटा व्हता का?"

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं, गुरुजींनी चपलेकडं. साहेबांनी पैसे देऊ केले, विनवणी केली, दिल्लीचं नाव सांगितलं. अण्णा हात जोडून उभे, नम्र, आणि जागचे हलेनात. मग आत्या घोंगडं काढून म्हणाली, "आता जेवा, साहेब. तुमचं चेहरा उतरलंय." आणि खरं सांगते, साहेब जेवले. चौथं जेवण, वर दोन तांबे आंबील, आणि आमच्या कोपीच्या सावलीत जे आडवे झाले ते उन्हं कलली तरी उठेनात. आंबील तशी असतेच. जाताना कॅमेरावाले माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "चांगलं झालंय." एवढंच. मी लुगडं परत केलं, नथ परत केली. नाकाला लाल वण राहिला होता, तो मी चार दिवस मिरवला.

पुढं उन्हाळा लागला. मुरूमच्या बाजारात फिल्मची गाडी आली आहे आणि सणांची फिल्म दाखवणार आहे अशी बातमी आली आणि आमच्या गावातून आठ बैलगाड्या निघाल्या. बाजार उठल्यावर, दिवस मावळायला, मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला. ही गर्दी. बाजाराला कर्नाटकातल्या गावांचीही माणसं आलेली, तीही थांबली. जागा नव्हती म्हणून काही लोक पडद्याच्या मागल्या बाजूला बसले, त्यांना सगळं उलटं दिसणार होतं, पण फुकट ते फुकट. मी, माय आणि आत्या अगदी पुढं. मायनं हात ठेवला माझ्या पाठीवर.

एकेक राज्य यायला लागलं. जाड्या आवाजाचा माणूस हिंदीत सांगत होता. पंजाबातला गहू, बंगालातलं भात, कुठं हत्ती, कुठं होड्या. मग तो म्हणाला, "महाराष्ट्र." आमच्या आठ गाड्या उभ्या राहिल्या. पडद्यावर समुद्र आला. मग एक किल्ला. मग हिरव्या नऊवारीतल्या बाया, नथी, लेझीम, कुठल्या तरी मैदानात, ओळीत, एकसारख्या. दोन मिनिटं. संपलं. आम्ही नव्हतो.

गुरुजी खाली बसले. सगळेच बसले. मला काही दिसेना. माय म्हणाली, "असू दे गं." आत्या म्हणाली, "मला समुद्र आवडला."

गुजरात झालं, केरळ झालं. मी बघतच नव्हते. आणि मग तो जाड्या आवाजाचा माणूस म्हणाला, "कर्नाटक," आणि पडद्यावर आमचं रान आलं.

आमचं! तो सडकेकडचा बांध, ती आमची लिंबाची झाडं, आमची कोप! घोंगड्यातली आत्या पळत येतेय, थेट आमच्या अंगावर, आरोळी देत, आणि ती आरोळी त्या भोंग्यातून अख्ख्या बाजारात घुमली. काय झालं म्हणून सांगू! पडद्यापुढच्यांनी आरोळी दिली, पडद्यामागच्यांनी दिली. आळंदकडची माणसं उठून कानडीत ओरडायली, आमचं, आमचं! आमची माणसं ओरडायली, आमचं, आमचं! दोन्हीकडून एकच आरोळी, एकाच ठेक्यात. आत्या उठून उभी राहिली, पडद्यावरच्या आत्याच्या अंगावर तिची सावली पडली, मागून लोक ओरडले, "म्हातारे, बस!" ती वळून म्हणाली, "मीच हाय ती, मुडद्यांनो!" माय हसता हसता रडत होती.

आणि मग मी दिसले. पाच-सहा सेकंद. सगळ्या बाया इरकलीत, खणाच्या चोळ्यांत, लाल-पांढऱ्या पदरांत, शाळूत मिसळून गेलेल्या. आणि मधी एक पोरगी हिरव्या जरीच्या लुगड्यात, नथ ओठावर लोंबती, अडखळत पळतेय. कुठल्या तरी लग्नातून वाट चुकून आमच्या रानात शिरल्यासारखी. माझ्या मागं बसलेल्या कानडी बाईनं शेजारणीला विचारलं, "ही पाहुणी कोण हो?" माझ्याच रानात, माझ्याच कोपीभोवती, त्या अख्ख्या चित्रात परकी दिसत होती ती एकटी मीच.

दुसऱ्या दिवशी पारावर सभा भरली. गुरुजी संतापलेले. "फिल्म कापून जोडणाऱ्यानं कानडी बोल ऐकला, इरकल पाहिली, दिलं तिकडं टाकून. आपण महाराष्ट्रात हाव. पत्र लिवायचं. चूक दुरुस्त करा म्हणून."

"चूक काय हाय त्यात?" आत्या म्हणाली. "माझ्या सासरी येळवस न्हाय व्हय? दिराचा सांगावा आलाय सकाळी, आमची वयनी कर्नाटकात दिसली म्हणून पेढे वाटले त्येनं."

"अवो नागव्वा, राज्याचा प्रश्न हाय!"

"मंग लिव्हा की, अर्धी पलीकडं, अर्धी अलीकडं. मी तसंच ऱ्हाते."

पण ठराव झाला. अक्षर माझं बरं म्हणून पत्र मी लिहायचं, सांगायचं गुरुजींनी. सदर चित्रपटात आमच्या गावचा सण अनवधानाने परराज्यात दाखविण्यात आला असून तरी कृपया, वगैरे. दोन पानं झाली. गुरुजींनी सही केली, पाटलांनी केली, अण्णांनी अंगठा दिला. आणि मला पोस्टाच्या पेटीत टाकायला धाडलं. वाटेत चिंचेखाली थांबून मी पाकीट उघडलं, आणि सगळ्यांच्या सह्यांच्या खाली पेन्सिलीनं माझ्या मनानं लिहिलं: 'राज्य कोणतं लिहायचं ते गुरुजींनी सांगितलंच आहे. पण त्या चित्रात हिरव्या लुगड्यातली मुलगी मी आहे. ते लुगडं माझं नव्हतं, मीच हट्टानं नेसले. तेवढं लुगडं काढता आलं तर बघा.' पाकीट भाताच्या शितानं पुन्हा चिकटवलं, एसटी थांब्याजवळच्या लाल पेटीत टाकलं, आतून टप्प आवाज आला, आणि एवढं हलकं वाटलं म्हणता!

चार पावलं चालले असेन. मग डोक्यात उजेड पडला. चित्रातलं लुगडं कसं काढतात? काढायचं म्हणजे कापायचं. कापायचं म्हणजे मीच जाणार. ते पाच-सहा सेकंद, ज्यांच्यासाठी नाक सुजवून घेतलं, ती परकी का असेना, वेडीबागडी का असेना, गावची एवढी एकच पोर दिल्लीला पोचली होती. मी धावत मागं आले आणि पेटीच्या फटीत हात घातला. बांगड्या फुटल्या. नळदुर्गची गाडी येऊन थांबली, कंडक्टर खिडकीतून विचारायला लागला, "ए पोरी, काय हरवलं गं?" आणि मी गाल त्या तापलेल्या पत्र्याला लावून, टाचा उंच करून आत बोटं चाळवत होते. हात मनगटापर्यंतच जात होता.